नरडं, नपुंसकलिंगी

केसपेपरवर एक रकाना असतो : तक्रार.
बारा वर्षं मी तो भरते आहे
नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात, खिडकी नंबर दोन.
डिसेंबर-जानेवारीत तर आधीच भरून ठेवावा
इतकी तीच ती तक्रार येते
पथारीवरून.

पथारी म्हणजे गावाबाहेर एकरच्या एकर
जमिनीवर वाळत पडलेली मिरची,
इतकी लाल की डोळे आधी मिटतात, मग कळतं.
बाया देठ खुडतात. तोंडाला पदर, फडकं,
एकीनं पोराचा शाळेचा शर्टच बांधला होता, बाह्यांची गाठ मागे.
त्या खिडकीशी येतात, म्हणतात,
माले नरडामा आग पडस.

मी लिहिते : घसा दुखणे.

नरडं कागदावर चालत नाही
असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझाच हात.
आमच्या घरात हा शब्द भांडणापुरता बाहेर निघायचा,
पाहुण्यांच्या ताटांसारखा, उलट कारणासाठी.
नरडं दाबीन. नरड्यावर पाय देऊन घेईन.
कशाला नरडं ताणतेस.
बांधावरून एकदा काका म्हणाला, नरडीचा घोट घेईन,
आणि मी सहावीत,
घोट म्हणजे पाणी असतं का आत, हा विचार करत जेवलेच नाही.

गळ्याला हार मिळाला, गळाभेट मिळाली,
गळ्यात गळा घालायला दुसरा गळा मिळाला.
कंठाला गाणं. तो रडतानासुद्धा दाटून येतो.
घशाला गोळ्या, गरम पाणी, हळद.
नरड्याला दोन हात मिळाले,
तेही दुसऱ्याचे.

मग या हिवाळ्यात उखा दगा आला.
मार्केट यार्डात तीस वर्षं हर्रास पुकारणारा.
रेल्वे फाटकाशी थांबलेल्या माणसाला
ओल्या मिरचीचा भाव कळायचा त्याच्यामुळे.
धुळ्याला ऑपरेशन झालेलं. मानेत पुढून भोक,
भोकात नळी, नळीवर पांढरी जाळी नाडीनं बांधलेली.
बोलायचं असलं की बोट ठेवायचं.

काय होतंय, बाबा?

बोट ठेवलं. हवा आधी आली,
शब्द मागून, लंगडत :
नरडं.

मी पेन टेकवलं आणि घसा लिहिता येईना.
घसा वरती राहिला होता, हवा त्याला विचारतही नव्हती.
गळा मफलरखाली.
कंठ यार्डात कुठेतरी, पोत्यांच्या थप्पीवर.
माझ्यासमोर जे उघडं होतं, ओलं, आतबाहेर करत,
त्याला नाव एकच होतं
आणि ते त्यानं सांगितलं होतं.
लिहिलं.

नवे डॉक्टर चिपळूणकडचे. कागद घेऊन बाहेर आले,
सिस्टर, हे काय?
खोडून वर लिहिलं, श्वासनलिका.
चांगला शब्द आहे. धुतलेला, इस्त्री केलेला.
फक्त त्यात कधी धूळ गेलेली नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून सुक्या मिरचीचा ट्रॅक्टर गेला,
ताडपत्री एका बाजूनं सुटलेली.
ठसका लागला की पदवी बाजूला उभी राहते.
डॉक्टर खिडकीच्या कठड्यावर वाकले, डोळे लाल,
पाणी, पाणी,
आणि दोन ठसक्यांच्या मध्ये स्पष्ट म्हणाले :
नरड्यात गेलं.

उखा हसला.
आवाज नाही. जाळी फुगली, बसली,
फुगली, बसली.

कागदावर मी काही बदललं नाही.
खोडलेलं वाचता येतं, एकच रेघ आहे.

जाताना त्यानं पुन्हा बोट ठेवलं.
मला वाटलं, औषधाचं विचारतोय.
आज काय भाव निंघना?
लाइनीत कुणाला माहीत नव्हतं.